मनुष्याचे गोत्र आणि देव्हाऱ्यातील शिळा

मनुष्याला सत्याचे भय दोन प्रकारांनी वाटते. सत्य बोलल्याने आपली हानी होईल, हे पहिले भय. आणि सत्य कळल्याने आपण ज्या भूमीवर उभे आहोत ती भूमीच पायांखालून सरकेल, हे दुसरे. पहिल्या भयाचा विचार नीतिशास्त्राने पुष्कळ केला आहे. साक्षीदाराने न्यायासनापुढे काय सांगावे, व्यापाऱ्याने तराजू कसा धरावा, मित्राने मित्राचा दोष कसा दाखवावा, याविषयीचा उपदेश लहानपणापासून कानांवर पडत असतो. दुसऱ्या भयाचा विचार मात्र क्वचितच होतो. पहिले भय लोभी मनुष्याला वाटते. दुसरे बहुधा सज्जनाला वाटते, आणि ते भयाच्या रूपाने न येता श्रद्धेचे वस्त्र पांघरून येते. त्यामुळे ते भय आहे हे ओळखूच येत नाही.

पृथ्वीच्या पोटात सापडणाऱ्या जीवाश्मांच्या अभ्यासाने हे दुसरे भय हिंदू गृहस्थाच्या थेट देव्हाऱ्यापर्यंत आणून ठेवले आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

भारतातील असंख्य घरी विष्णूचे प्रतीक म्हणून शाळिग्राम पूजिला जातो. नेपाळात हिमालयाच्या उत्तर अंगास मुक्तिनाथ क्षेत्र आहे. त्या प्रदेशातून वाहणाऱ्या काली गंडकी नदीच्या पात्रात या काळ्या, गुळगुळीत शिळा मिळतात. त्यांना प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही. भगवंताचे सान्निध्य त्यांच्या ठायी नित्य आहे, असे मानतात. कार्तिकात तुळशीचा विवाह अनेक घरी याच शिळेशी लावतात. शिळेच्या पोटात एक चक्र असते, आतून बाहेर उलगडत जाणारे. तेच सुदर्शनाचे चिन्ह समजले जाते. वज्रकीट नावाचा जीव शिळा कोरून हे चक्र निर्माण करतो, अशीही परंपरागत समजूत आहे.

भूशास्त्र या चक्राविषयी जे सांगते ते असे. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, जेथे आज हिमालय आहे तेथे समुद्र होता. एडुअर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने १८९३ साली त्याला टेथिस असे नाव दिले. त्या समुद्रात वेटोळ्या कवचाचे जीव पोहत असत. त्यांचे कवच गोगलगायीच्या कवचासारखे वळलेले, पण आतून पडद्यांनी अनेक कप्पे पाडलेले असे. त्यांना ॲमोनाइट म्हणतात. आजचे माकूळ, ऑक्टोपस आणि नॉटिलस हे त्यांचे नातलग होत. प्राणी शेवटच्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात राही, आणि मागे सोडलेल्या कप्प्यांतील वायूच्या आधाराने पाण्यात तरंगे. तो मेला म्हणजे कवच तळाच्या चिखलात रुते; त्याच्याभोवती खनिजे साचून कठीण गोळा बने; वर गाळाचे थर चढत आणि चिखलाचा खडक होई. पुढे भारताचा भूखंड उत्तरेस सरकत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. मधल्या समुद्राचा तळ चुरगळून उचलला गेला आणि त्यातून हिमालय उभा राहिला. एव्हरेस्ट शिखराच्या माथ्यावरील चुनखडकातही समुद्री जीवांचे अवशेष आहेत. काली गंडकीने हे उचललेले थर कापले, आतील गोळे बाहेर काढले, आणि घासून गुळगुळीत केले. चक्रांकित शाळिग्राम म्हणजे हे गोळे होत.

आता घरातील मुलगा किंवा मुलगी हे पुस्तकात वाचते आणि विचारते, ही शिळा देव आहे की मेलेल्या प्राण्याचे कवच? गृहस्थापुढे तीन सोपे मार्ग असतात. मुलाला दटावून गप्प करावे, हा पहिला. मनातून पूजेवरचा विश्वास उडालेला असताही लोकलाजेस्तव हात जोडीत राहावे, हा दुसरा. 'आपल्या पूर्वजांना हे सारे आधीच ठाऊक होते' असे सांगून विषय संपवावा, हा तिसरा. पहिल्या मार्गाने मुलाची जिज्ञासा मरते, दुसऱ्याने पूजा मरते, आणि तिसऱ्याने सत्य मरते. यांखेरीज चौथा मार्ग आहे काय, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचा निर्णय करण्यापूर्वी जीवाश्मांची साक्ष किती विश्वसनीय आहे हे पाहिले पाहिजे. कारण साक्ष कच्ची असेल, तर एवढी चिंता करण्याचे कारणच उरत नाही.

दगडातील आकृत्यांविषयी चुकीच्या समजुती सर्वच देशांत होत्या. इंग्लंडच्या व्हिट्बी गावी हेच ॲमोनाइट सापडतात. एका संत स्त्रीने सापांना शाप देऊन त्यांचे दगड केले, असे तेथील लोक सांगत. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर त्रिकोणी, धारदार दगड मिळत. ते सर्पांच्या जिभा होत, असा समज होता. १६६६ साली फ्लोरेन्स येथे निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे एका मोठ्या शार्क माशाचे डोके तपासण्यासाठी आले. त्याचे दात आणि त्या 'जिव्हाशिळा' यांत तिळमात्र भेद नाही, हे स्टेनोच्या ध्यानी आले. मग माशाचे दात खडकात शिरले कसे? १६६९ साली त्याने उत्तर दिले की, खडक पूर्वी मऊ गाळ होता. गाळ थरांनी साचतो. म्हणून न उलटलेल्या थरांत खालचा थर जुना आणि वरचा नवा. हे साधे वाक्य पृथ्वीच्या इतिहासाची बाराखडी ठरले. हाच स्टेनो पुढे ख्रिस्ती धर्मातील बिशप झाला. डोळ्यांनी पाहिलेले सत्य मांडताना आपण ईश्वराचा अपराध करतो आहोत, असे त्याला वाटले नाही.

पुढे इंग्लंडमध्ये कालव्यांसाठी जमिनीची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथला दिसून आले की, प्रत्येक थरात ठराविक जातींचेच जीवाश्म असतात आणि त्यांचा क्रम गावोगाव तोच राहतो. त्या आधारे त्याने १८१५ साली देशाचा भूस्तरीय नकाशा प्रसिद्ध केला. फ्रान्समध्ये क्यूव्हिए याने १७९६ साली हत्तींच्या अस्थी ताडून दाखवले की, काही जाती पृथ्वीवरून समूळ नाहीशा झाल्या आहेत. थरांचे वय मोजण्याचे साधन विसाव्या शतकात मिळाले. पूर्वी घटिकापात्रात पाणी ठराविक गतीने भरे, आणि भरलेल्या पाण्यावरून गेलेला वेळ कळे. तसेच खडकातील युरेनियम ठराविक गतीने शिशात रूपांतरित होते. त्याच्या मुख्य प्रकाराचा निम्मा अंश बदलण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. क्लेअर पॅटर्सन यांनी १९५६ साली अशनींतील शिशावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले, आणि ते आजतागायत जवळपास तसेच मानले जाते.

या थरांतून वर येताना जीवसृष्टीचा जो क्रम दिसतो, तो विचार करण्यासारखा आहे. अतिप्राचीन खडकांत केवळ सूक्ष्म जीवांच्या खुणा आहेत. पुढे मासे येतात. त्यानंतर जमिनीवर चालणारे चतुष्पाद, मग सरपटणारे प्राणी, नंतर सस्तन. आणि अगदी शेवटी, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी, आजच्या जातीचा मनुष्य. माशांच्या पहिल्या थरांत घोड्याची कवटी कोठेही मिळालेली नाही. या क्रमातील दुवे शोधण्याचे कामही अंदाधुंद चालत नाही. मासे आणि चतुष्पाद यांच्यामधील प्राणी कोणत्या काळात असला पाहिजे याचा हिशेब करून नील शुबिन व त्यांचे सहकारी कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात त्या वयाचे खडक शोधीत गेले. अनेक वर्षांच्या निष्फळ हिंडण्यानंतर २००४ साली त्यांना टिकटालिक मिळाला. तो सुमारे ३७ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा. त्याला माशाचे खवले आहेत, पण मान आहे. पर आहेत, पण त्यांच्या आत खांदा, कोपर व मनगट यांची हाडे आहेत. आधी अनुमान, मग परिश्रम, आणि शेवटी प्रत्यक्ष, अशा क्रमाने आलेल्या ज्ञानाला अंधविश्वास म्हणता येत नाही.

दुसरे उदाहरण भारताच्याच भूमीतील आहे. मराठीत ज्याला देवमासा म्हणतात तो मासा नव्हे; तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो. मग तो समुद्रात आला कोठून? ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञांनी जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथून खडक जमवले होते, आणि त्यांतील दातांवरून १९७१ साली इंडोह्यस या प्राण्याचे वर्णन केले होते. राहिलेले खडक फोडले जाण्यापूर्वीच ते वारले. त्यांच्या पत्नीने ते खडक जपून ठेवले. पुढे ते हान्स थेविसन या संशोधकाच्या हाती आले. साफसफाई करताना एका कवटीच्या कानाचे हाड चुकून फुटले, आणि त्याची आतली भिंत देवमाशांच्या कानात असते तशी जाड असल्याचे दिसले. २००७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा मांजराएवढा, लहानशा हरणासारखा, पाण्यात उतरणारा खुरांचा प्राणी देवमाशांचा अगदी जवळचा नातलग ठरला. त्याच्या पुढील पायऱ्या पाकिस्तानात व कच्छमध्ये मिळाल्या आहेत. २००० साली वर्णिलेला कच्छिसेटस आखूड पायांचा व लांब शेपटीचा आहे. आणि इजिप्तच्या वाळवंटातील बॅसिलोसॉरस पूर्णपणे समुद्रवासी असूनही त्याला इवलेसे मागचे पाय आहेत. एका कुळाची वाटचाल याहून अधिक स्पष्टपणे दाखवता येणे कठीण आहे.

साक्ष अशी भक्कम आहे. तेव्हा आता भयाकडे वळले पाहिजे. ते एक नसून तीन आहेत.

पहिले भय पूजेविषयीचे. शिळेची उत्पत्ती कळली म्हणजे पूजा व्यर्थ ठरते काय? येथे गृहस्थाने आपल्याच आचाराकडे पाहावे. भाद्रपदात घरोघरी पार्थिव गणेशाची पूजा होते. ती मूर्ती मातीची आहे, कुंभाराने घडवली आहे, आणि काही दिवसांनी पाण्यात विरघळणार आहे, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. पार्थिव शिवलिंग तर पूजकच आपल्या हाताने करतो. या ज्ञानाने कोणाची आरती थांबलेली नाही. कारण पूजा मातीच्या उत्पत्तीची नसते. माती हे चित्त स्थिर करण्याचे आलंबन असते. मग शाळिग्रामाच्या बाबतीतच उत्पत्तीचे ज्ञान घातक का वाटावे? मातीची मूर्ती मातीची आहे हे गृहस्थ आरंभापासून जाणतो. शाळिग्रामाच्या मागे मात्र एक न उलगडलेले कोडे होते, आणि त्या कोड्यालाच तो नकळत देव मानू लागला होता. कोडे सुटले की कोड्यात बसवलेला देव जातो. तो गेला तर काही बिघडत नाही. अज्ञानाच्या सांदीत ज्याचे आसन मांडले आहे, त्याला प्रत्येक नव्या शोधाबरोबर मागे सरावेच लागणार.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात काही शेतकरी कुटुंबे शेतात सापडलेले गोल दगड शेताचे व गुरांचे रक्षक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजीत आली. ती डायनोसॉरची अंडी होत, असे तज्ज्ञांनी सांगितल्याचे वृत्त २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्या भोळ्या लोकांना हसणे सोपे आहे. परंतु त्यांनी त्या दगडांना कुंकू लावून सांभाळले, फोडून रस्त्यावर टाकले नाही, एवढे तरी त्यांच्या श्रद्धेने साधले. शाळिग्रामाच्या बाबतीतही वज्रकीटाची समजूत चुकीची होती, हे सरळ मान्य करावे. जीवाने शिळा कोरली नाही, जीवाभोवती शिळा झाली. शास्त्राशी जुळावे म्हणून जुन्या कथेचा अर्थ ताणण्यात तिचाही मान राहत नाही आणि शास्त्राचाही.

दुसरे भय मनुष्याच्या प्रतिष्ठेविषयीचे. मनुष्याचे कूळ चतुष्पादांतून, त्यांचे माशांतून, आणि माशांचे त्याहून सूक्ष्म जीवांतून आले असेल, तर मनुष्याची थोरवी कोठे राहिली? हे भय खोल आहे. कारण जन्मावरून योग्यता ठरवण्याची सवय मनुष्याच्या हाडीमाशी भिनलेली आहे. परंतु याच देशाच्या परंपरेने त्या सवयीला उत्तरही देऊन ठेवले आहे. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाची कथा आहे. गुरूकडे विद्या मागण्यास निघालेल्या मुलाने आईला आपले गोत्र विचारले. तिने काही न लपवता सांगितले की, तरुणपणी अनेक ठिकाणी सेवा करीत असताना तू झालास. तुझे गोत्र मला ठाऊक नाही. मुलाने गुरूपुढे जाऊन अक्षरशः तेच सांगितले. गुरूने त्याला परत पाठवले नाही. जो आपल्या जन्माविषयी सत्यापासून ढळला नाही तोच विद्येचा अधिकारी, असे मानून त्याने त्याला जवळ घेतले.

जीवाश्मांच्या संशोधनाने आज मनुष्यजातीलाच गोत्र विचारले आहे. उत्तर देण्याचे दोन प्रकार आहेत. एखादे भारदस्त गोत्र कल्पून सांगावे, किंवा जे आहे ते सांगावे. सत्यकामाची थोरवी त्याच्या गोत्रात नव्हती. ते सांगण्याच्या धैर्यात होती. मनुष्याची थोरवीही तो कोणापासून झाला यात नाही. पृथ्वीवरील असंख्य जातींपैकी आपले मूळ शोधणारी आणि सापडलेले मूळ मनाला न रुचणारे असले तरी ते मान्य करू शकणारी जात ज्ञात सृष्टीत ही एकच आहे. हे सामर्थ्य त्याला कोणत्याही मार्गाने आले असो, ते आले आहे हे निश्चित. आणि त्याचा उपयोग न करणे हीच खरी अप्रतिष्ठा होय.

गीतेच्या अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन भेद सांगितले आहेत. वेगवेगळ्या भासणाऱ्या भूतांत एकच अविनाशी भाव पाहणारे ते सात्त्विक. सर्वत्र केवळ भेदच पाहणारे ते राजस. आणि एका तुकड्यालाच सर्वस्व समजून, कारणाचा विचार न करता त्याला चिकटून बसणारे ते तामस. मनुष्याचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांत हाडांची मांडणी एकच आहे, हे दाखवणारे शास्त्र आत्म्याचे ऐक्य सिद्ध करीत नाही. तो त्याचा विषयही नव्हे. परंतु मनुष्य आणि इतर प्राणी यांच्यामध्ये अहंकाराने उभारलेली जी भिंत त्या ऐक्याच्या आड येते, तिचे पुष्कळसे दगड ते काढून टाकते. निदान साधकाने तरी याचे दुःख मानू नये.

तिसरे भय असे की, शास्त्राचे सिद्धांत वारंवार बदलतात. जे बदलते त्याला सत्य कसे म्हणावे? या शंकेसाठी दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १९१२ साली इंग्लंडमध्ये पिल्टडाउन येथे मानवाच्या पूर्वजाची कवटी सापडल्याचे जाहीर झाले. मानवाचा आद्य पूर्वज आपल्याच देशात झाला याचा तेथील अनेकांना अभिमान वाटला. १९२५ साली रेमंड डार्ट यांनी आफ्रिकेतील खरा प्राचीन अवशेष पुढे आणला तेव्हा त्याची उपेक्षा होण्यास हा अभिमानही काही अंशी कारण झाला. शेवटी १९५३ साली ओकली, वाइनर आणि ल ग्रो क्लार्क यांनी सिद्ध केले की, ती शुद्ध लबाडी होती. कवटी मनुष्याची, जबडा ओरांगउटानाचा. दात कानशीने घासलेले आणि हाडे रंगवलेली.

दुसरी घटना भारतातील. १९३२ साली एडवर्ड लुइस या तरुण अमेरिकी अभ्यासकाला शिवालिक टेकड्यांत, आजच्या हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर येथे, एका वानराच्या जबड्याचा तुकडा मिळाला. श्रीरामाच्या नावावरून त्याचे नाव रामापिथेकस ठेवण्यात आले. १९६० नंतरच्या दशकात एल्विन सायमन्स, डेव्हिड पिलबीम आदी संशोधकांनी तो मानवाचा पूर्वज असल्याचे प्रतिपादन केले, आणि भारतातील पुष्कळांना त्यात धन्यता वाटली. पुढे अधिक पूर्ण अवशेष मिळाले. रक्तातील प्रथिनांच्या तुलनेवरून मनुष्य आणि आफ्रिकी वानरे यांची फारकत त्या मानाने अलीकडची असल्याचे दिसू लागले. अखेर १९८२ साली पिलबीम यांनी स्वतःच पाकिस्तानात मिळालेल्या एका चेहऱ्याच्या अवशेषाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो ओरांगउटानाच्या कुळाशी जुळणारा होता, आणि आपले आधीचे मत त्यांनी सोडून दिले. रामापिथेकसला आता शिवापिथेकसमध्येच धरतात.

पहिली घटना कपटाची, दुसरी प्रामाणिक प्रमादाची. या दोहोंत नैतिक दृष्ट्या महदंतर आहे. परंतु दोन्ही दूर झाल्या त्या एकाच मार्गाने. पुरावा पुन्हा तपासला गेला, आणि अभिमानापेक्षा पुराव्याला अधिक मान दिला गेला. येथे बदलली ती सत्याविषयीची समजूत. सत्य बदलले नाही. ओरांगउटानाचा जबडा त्या एकेचाळीस वर्षांतही ओरांगउटानाचाच होता. जो साधक आपले दोष दिसताच सुधारतो त्याला कोणी चंचल म्हणत नाही. स्वतःच्या हाताने स्वतःचे मत मोडणे हे तपाचेच एक रूप आहे, आणि ते विद्वानाला धनत्यागाहूनही कठीण जाते.

याच ठिकाणी श्रद्धावंतांनीही एका मोहापासून सावध राहावे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असा अवतारांचा क्रम दाखवून, उत्क्रांती पुराणांत सांगितलीच होती, असे म्हटले जाते. ब्रह्मदेवाच्या एका दिवसाची ४३२ कोटी वर्षे आणि पृथ्वीचे वय या संख्या जवळ आल्याचाही दाखला देतात. साम्य मनोहर आहे, आणि त्यावर चिंतन करण्यास कोणाची हरकत नाही. परंतु अवतारकथेत मत्स्यापासून कूर्माचा वंश चालत नाही. तेथे एकच परमेश्वर भक्तरक्षणासाठी पुनःपुन्हा प्रकट होतो. त्या कथेचा आशय करुणा हा आहे, वंशावळ हा नव्हे. तिला शास्त्राच्या पुढे साक्षीदार म्हणून उभे केले, तर उलटतपासणीत तिचीच अवहेलना होते. रामापिथेकसचे नाव श्रीरामावरून होते म्हणून तो मानवाचा पूर्वज ठरला नाही, आणि तो पूर्वज ठरला नाही म्हणून श्रीरामाचे काही उणे झाले नाही.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो या तिन्ही भयांहून कठीण आहे. ॲमोनाइट आणि त्यांचे निकटचे पूर्वज ३० कोटींहून अधिक वर्षे समुद्रात होते. मनुष्याच्या आजवरच्या आयुष्याच्या हजारपटीहूनही अधिक. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर गेले त्याच संहारात तेही गेले. तेव्हा मेक्सिकोच्या भूमीवर एक प्रचंड अशनी कोसळला होता. आणि दख्खनमध्ये, ज्या काळ्या खडकात पुढे वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले, त्या खडकाचे लाव्हारस वाहत होते. त्या जीवांचा कोणता अपराध होता? इतक्या युगांचे जन्मणे, भक्ष्य होणे आणि नष्ट होणे कशासाठी? जीवाश्म याचे उत्तर देत नाहीत. ते काय घडले हे सांगतात. का घडले याविषयी मूक राहतात. कर्म, लीला, नियती या शब्दांनी परंपरेने उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. तो ज्याला पटेल त्याने तो धरावा, पण ओठांवर उत्तर आहे म्हणून प्रश्नाचा भार हलका झाला असे समजू नये. सृष्टीत बलवान दुर्बळाला खातो, म्हणून मनुष्यानेही तसेच वागावे, असे म्हणणारे मात्र जीवाश्मांना अनुचित साक्षीस ओढतात. नदीला पूर येतो म्हणून शेजाऱ्याचे घर बुडवण्याचा अधिकार कोणाला प्राप्त होत नाही. जे घडते ते शास्त्र सांगते. जे करावे ते धर्माला ठरवावे लागते.

आणि करावे असे पुष्कळ आहे. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण निघाले डायक्लोफेनॅक हे औषध. गुरांच्या वेदना शमाव्यात म्हणून ते दिले जात असे. मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करी. ज्यांनी औषध दिले त्यांच्या मनात दया होती. त्या दयेला ज्ञानाची जोड नव्हती, म्हणून जटायूचे कूळ उच्छेदाच्या काठावर आले. २००४ साली कारण कळले, आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. ॲमोनाइटांना वाचवणारे कोणी नव्हते. गिधाडांच्या बाबतीत उशिरा का होईना, कोणी तरी तपास केला आणि हात आवरला. जीवांच्या इतिहासात ही गोष्ट नवी आहे. आपल्या हातून दुसरी एक जात नष्ट होत आहे हे जाणून थांबू शकणारा प्राणी या दीर्घ क्रमात शेवटी आला, आणि त्या जाणण्याबरोबरच त्याच्यावर उत्तरदायित्वही आले.

तेव्हा देव्हाऱ्यापुढे प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गृहस्थाने चौथ्या मार्गाने उत्तर द्यावे. हे कवच समुद्रातील एका जीवाचे आहे, आणि तो जीव १५ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला, हे त्याने स्पष्टपणे सांगावे. त्या जिवाशी मनुष्याचेही फार दूरचे नाते आहे, हेही सांगावे. आणि मग, अनंताचे स्मरण करण्यासाठी पूर्वजांनी हीच शिळा का निवडली असेल, याचा विचार मुलाबरोबर बसून करावा. हे उत्तर दिल्यानंतर जी पूजा चालू राहील, तिच्यात भयाचा अंश नसेल. ज्या घरी सत्य ऐकून दिवा विझत नाही, त्या घरचा दिवा पूर्वीही भयाने लागलेला नव्हता, असे समजावे.